शरयूकाकूंचं दार

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो. घर कोणाचं? कागदावर नाव ज्याचं, त्याचं? पैसे घातले ज्यानं, त्याचं? की ज्याच्या शब्दावर घर हलतं, त्याचं? असू दे. उत्तर चिपळूणच्या एक बाई देतील.

त्यांचं नाव शरयूकाकू दामले. सत्तरी ओलांडलेली, कंबर वाकलेली, जीभ मात्र सरळ! यजमान भाऊकाका म्हणजे स्वभावानं गोड ताक. मुलगा निरंजन अमेरिकेत. गुणी मुलगा हो, उगाच नावं ठेवू नका! आईवडील एकटे राहतात, म्हणून दिवाळीत येऊन त्यानं सगळं घर शहाणं करून ठेवलं. दिवे बोलल्यावर लागायचे, पंखा बोलल्यावर फिरायचा, पुढच्या दाराला बिनकिल्लीचं कुलूप! आणि हुकूम घ्यायला कोनाड्यात एक बोलका डबा. काकूंनी त्याला नाव दिलं मैना.

"मैने, पंखा लाव!" — लागला! भाऊकाका तर हरखूनच गेले. दिवसभर लाव, बंद कर, लाव, बंद कर! हे आमचे साथीचे पेटीवाले हसताहेत... यांच्याही घरी आलेली दिसतेय मैना!

पण गंमत बघा. काकूंचा शब्द आधी जायचा परदेशात, कुठल्याशा कंपनीच्या यंत्राकडे. तिथं त्याची तपासणी! मग तो परत यायचा आणि डोक्यावरचा पंखा फिरवायचा. आणि कोणाचं ऐकायचं, किती ऐकायचं, हे ठरवणारा कोण? निरंजन!

त्यानं नियमच घालून ठेवला — सूर्य मावळला की पुढचं दार बंद. आतून उघडायची कळसुद्धा बंद! का? तर "आई भोळी आहे, कोणालाही दार उघडेल."

अरे, कोकणातच वाढलास ना तू? तिन्हीसांजेला आपण मागचं दार लावतो आणि पुढचं उघडं ठेवतो. लक्ष्मी यायची वेळ ती! यानं यंत्राला सूर्यास्त शिकवला — दिवेलागण शिकवायची विसरला!

काकू रोज चडफडायच्या. भाऊकाका म्हणायचे, "असू दे गं. काळजीपोटी केलंय पोरानं."

आला चैत्र! काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौर झोपाळ्यावर बसली. आंब्याची डाळ झाली, पन्ह्याला वेलचीचा वास सुटला. गडबडीत त्या नियमाचं भान राहिलं नाही; दिवे लागले आणि आळीतल्या बाया दाराशी आल्या. तेवढ्यात — खट्! दार बंद.

"मैने, दार उघड!"

"क्षमस्व. तुम्हाला ही परवानगी नाही. निरंजन यांना विचारत आहे."

निरंजन कुठे? तिकडे पहाट. गाढ झोपेत!

बाहेरून आवाज, "काकू, हळदीकुंकू आजच ना? की पुढच्या वर्षी?"

भाऊकाका म्हणाले, "मागच्या दाराला साधी कडी आहे. तिकडून बोलवू का?"

काकू कडाडल्या, "माझ्या गौरीला आलेली बाई मागच्या दारानं येणार नाही!"

मग काय केलं त्या माउलीनं? खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि एकेकीला कुंकू लावलं. स्वतःच्या घरात — गजाआडून! बाया आधी हसल्या, मग पदर सावरून एकेकीनं कपाळ गजांशी नेलं.

तिन्हीसांजा झाल्या बाई, दारी सोनियाचा पाय
आल्यागेल्या लक्ष्मीला गं, कोण म्हणे थांब माय?

त्या बायांत होती तृप्ती बापट, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी. ती म्हणाली, "काकू, तुमचा हुकूम बाहेरगावी कशाला पाठवता? घरातच हब बसवू. एवढीशी डबी! दिवे, पंखा, दार सगळी तिचं ऐकतील. नेट गेलं तरी चालेल. आणि मैनेच्या हाती काय द्यायचं, ते तुम्ही ठरवायचं."

"निरंजनला वाईट वाटेल गं," भाऊकाका पुटपुटले.

"वाटू दे! मला गजाआडून कुंकू लावताना चांगलं वाटलं होय?"

बसली डबी! तृप्तीनं विचारलं, "मैनेला काय काय देऊ?"

"दिवे दे. पंखा दे, यांना तेवढाच खेळ. दार नको. दार माझ्या हाताला!"

अक्षय्य तृतीया आली. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. काकूंनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. सूर्य मावळला — दार सताड उघडं! बाया आत, पन्ह्याचे पेले हातात, आणि फोन वाजला. आज पोरगं लवकर उठलं होतं!

"आई, दार लागत नाहीये इथून. बिघडलंय का?"

"नाही रे बाळा. सुधारलंय."

"म्हणजे? तू मला काढून टाकलंस?"

एकुलता एक मुलगा मंडळी, सातासमुद्रापलीकडे. आईला वाईट वाटणार नाही? वाटलं. पण मान खाली गेली नाही!

"निरंजन, घरात धूर झाला, मी पडले, तर तुला लगेच कळेल. तेवढं ठेवलंय. पण मी कोणासाठी दार उघडते, हे तू ठरवायचं नाहीस. तू ये, हक्कानं ये. पण कडी वाजवून ये!"

पलीकडून हळूच आवाज आला, "...डाळ उरलीय का गं?"

"ये, म्हणजे देते!"

माझ्या चुलीचा गं जाळ, माझ्या फुंकरीनं पेटे
माझ्या दाराची गं कडी, माझ्या हातालाच भेटे!

हसलात! छान. आता तुमचं घर बघू. हे छातीतलं! आज सकाळी राग आला, तो तुमचा होता? की फोनवर कोणी धाडला आणि तुम्ही पेटलात? भीती कोणाची? हाव कोणी लावून दिली? तुमच्या मनाचं दार कोणीतरी लांबून लावतोय, आणि तुम्ही म्हणताय — असू दे, काळजीपोटी करतोय!

अहो, ज्यानं हे घर बांधलं, तो नारायणसुद्धा परवानगीशिवाय आत येत नाही! उंबऱ्याबाहेर उभा राहतो. वाट बघतो. मग हे बाकीचे कोण लागून गेले?

उठा! मागू नका कोणाला परवानगी. कडी तुमच्या बाजूनं आहे. काढा ती, तिन्हीसांज झालीय — आणि तो केव्हाचा उभा आहे!