सहा एअरबॅग आणि एक प्लग

शिकून परत आल्यावर कोंडाण्यात विजेवरची गाडी पहिल्यांदा मी आणली, हे तुम्ही माझ्याकडून बऱ्याचदा ऐकलंय. आईने त्या गाडीचं काय केलं, ते सांगायचं राहिलं.

सहा एअरबॅग, घरच्या सगळ्यांना जागा, धूर नाही, असं महिनाभर ऐकवल्यावर बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला खोपोलीला याच गाडीने यायला तयार झाले. नऊची वेळ चुकली तर पुढची तारीख महिन्याने मिळणार होती. रात्री गाडी चार्जिंगला लावून मी निवांत झोपलो. सकाळी मी आणि बाबा पट्टे लावून बसलो, तर चार्ज चार टक्के.

"प्लग कोणी काढला?"

"मी," आई म्हणाली. "विजा कडाडत होत्या. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांचे काढले."

"अगं, गाडीत सुरक्षेची सगळी सोय असते."

"टीव्हीवाला पण असंच बोललेला. टीव्ही जळला ना मागच्या साली?"

शेवटी शेजारच्या गणूदादाने टेंपो काढला. मी मागे हौद्यात बसलो. पुढे बसलेल्या बाबांनी पट्टा शोधला, तो नव्हताच.

"गणू, हिला एअरबॅग किती रं?"

"एक पण नाय, काका. पण डिझेल फुल्ल हाय."