विहिरीतून मागितलेलं तिकीट

इतवारी स्टेशनवर उमरेडच्या छोट्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर तिकीट तपासनिसाची बायको गोपिकाबाई ओळखीच्या बाईशी बोलत होती.

“पायाले काय झालं वं तुह्या मालकाच्या?”

“एक बिनतिकिट्या चालत्या गाडीतून उडी मारून पळाला. ह्यायनंही मागं उडी मारली, अन् धावता धावता वावरातल्या विहिरीत पडले.”

“अवं बाई. मंग?”

“गळ्यापर्यंत पाणी. गाडी तं निघून गेली. आवाज ऐकून तो बिनतिकिट्याच परत आला. वरून वाकून म्हणे, मले सोडून देतो म्हणा, मी पागोटं खाली टाकतो.”

“मंग म्हटलं ना ह्यायनं?”

“नाही. म्हणे, आधी तिकीट दाखव.”

“विहिरीतून?”

“विहिरीतून. तो तिथंच खाली बसला अन् हसत सुटला. मंग पागोटं टाकून त्यानंच ओढलं ह्यायले वर.”

“सोडलं असन मंग त्याले.”

“काहून सोडतीन? वर आल्याबरोबर त्याचा हात धरला. त्याच्याच खांद्याचा आधार घेऊन लंगडत उमरेड स्टेशनात नेलं त्याले.”

“काय माणूस आहे वं.”

“अन् गोऱ्या मॅजिस्ट्रेटापुढं स्वतःच त्याले जामीन राहिले. आता दर आठवड्याले उमरेडहून आमच्याकडं जेवाले येते तो.”

“तिकीट काढून येते काय?”

“मी एकडाव तेच विचारून राहिली होती. तं हे मलेच म्हणे, त्याले भाजी वाढ.”