खळ्यावरचे तात्या

मंडळी, मागं उभ्या असलेल्या पोरांना पुढं येऊ द्या. सतरंजीवर जागा आहे. आज साताऱ्यातली एवढी माणसं या क्लबात जमली आणि क्लबाचे प्रमुख म्हणून रावसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. मी काय बोलू? शाळा अर्धवट, पाय एका जागी ठरत नाहीत. मिरजेच्या स्टेशनावर बातमी कळली, तिथून थेट आलो. तात्या गेले असं म्हणायला अजून जीभ वळत नाही.

तुम्ही त्यांना पलटणीतून आलेले ड्रिलमास्तर म्हणून ओळखता. आम्हाला त्यांनी याच क्लबाच्या कोर्टावर सकाळी टेनिस शिकवलं. आधी शेणानं कोर्ट सारवायचं, मग चुन्याच्या रेघा, मग रॅकेट. आमचा शिरपा कुरकुरायचा, "आवं तात्या, आमी खेळाय आलोय का सारवाय?"

"जमिनीशी वळख न्हाई, आन् चेंडू मारतोय व्हय रं!"

मला कप्तान केलं तेव्हा सगळे हसले. शिरपा माझ्यापेक्षा लय चांगला खेळायचा. तात्या म्हणाले, "ह्याचं सोताच्या खेळावर ध्यान नसतं, समद्यांच्या खेळावर असतं. कप्तानाला त्येच लागतं." ही स्तुती होती की टोमणा? मला अजून कळलेलं नाही.

मग ती सांगलीची मॅच. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना. कोळशाच्या गॅसवरची मोटार, चढ आला की आम्हीच उतरून ढकलायची. कराडच्या अलीकडं एका म्हातारीनं हरभऱ्याचे डहाळे दिले, काय गोड होते... असो. निघताना क्लबातल्या मोठ्या मंडळींनी तात्यांना बजावलं होतं, पोरं हरली तर सकाळचं कोर्ट बंद.

लढाईमुळं नवे चेंडू मिळत नव्हते. आम्ही शिकलो ते टक्कल पडलेल्या, मेलेल्या चेंडूंवर. तो जाळ्यापलीकडं जावा म्हणून सगळं बळ लावायचं. आणि सांगलीकरांनी पाहुण्यांचा मान म्हणून जपून ठेवलेले नवे चेंडू काढले! आमचा एकूण एक फटका रेघेबाहेर. शिरपाचा तर कुंपण ओलांडून उसात. मी तात्यांकडं धावलो.

"तात्या, काय करू?"

"कप्तान कोन हाय?"

"मी."

"मग मला काय इचारतोस?"

त्यांचं कोर्ट जाणार होतं, मंडळी. तरी त्यांनी कप्तानी माझ्या हातातून काढून घेतली नाही. मी पोरांना सांगितलं, निम्म्या हातानं मारा. जमत आलं, पण उशीर झाला. हरलो.

क्लबात विचारणा झाली, कप्तानाचं चुकलं का? तात्या म्हणाले, "न्हाई. म्या पोरास्नी मेला चेंडू शिकवला, जित्ता शिकवला न्हाई. चुकलं त्ये शिकवणाऱ्याचं."

कोर्ट बंद झालं. तात्या बंद झाले नाहीत. मळण्या उरकल्यावर ते आम्हाला शिरपाच्या खळ्यावर घेऊन गेले. मळणीचे बैल बांधायचा मधला खांब उपटला, खड्डा बुजवला, बैलांचं दावं ताणून त्याला पोती लटकवली. झालं जाळं! गोल खळ्यावर चौकोनी कोर्ट. शिरपाची आई ओरडायची, "मास्तर, तुमच्या चेंडूनं म्हस बिचकतीया!"

"वैनी, म्हशीला सांगा, चेंडू आउट हाय."

आमच्यामागून आलेल्या पोरांनाही त्यांनी तिथंच शिकवलं. अगदी परवापर्यंत. शिरपा आता पलटणीत आहे. मी गावोगाव हिंडतो. ही पुढं बसलेली पोरं तात्यांची. यांना उद्या सकाळी कोण?

रावसाहेब, ती विचारणा झाली तेव्हा तुम्हीही होता. दोष द्यायला मी उभा नाही. तात्यांनी कधी दिला नाही. एवढंच मागतो, यांना सकाळचं कोर्ट परत द्या. शिकवायला मी राहतो. किती दिवस? खरं सांगतो, मला माहीत नाही. पण उद्या आहे. परवाही आहे.

रावसाहेब होकाराची मान हलवताहेत. पोरांनो, बघितलंत ना?

चला, आता तात्यांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहू. रडू आलं तर येऊ द्या, हसू आलं तरी चालेल. आवाज मात्र नको.

तात्या, नमस्कार.