रडायचा सूर

आखाडा बाळापूरच्या बसस्थानकात शालूबाई कळमनुरीच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी बंजारा तांड्यावरची जिवनबाई आणि तिचा नवरा भावसिंग येऊन बसले.

“सूर आठवला का?” भावसिंगने विचारले.

“सूर आठवला. रडू येऊन न्हाई राहिलं.”

“निता सासरहून आली, तवा तिची माय भेटीच्या रिवाजानं लेकीच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडली, तर सारा तांडा पाझरला. आपला लेक तर साता समुद्रापल्याडून येऊन राहिला. तू नुसती हसलीस, तर बाया काय म्हणतील?”

“आफ्रिकेतली ती शांतीसेना कायमची उठली. एवढ्या वर्षांची मोहीम सरली. आता योगेशला परत तिकडं जाणं न्हाई. मग रडू कुठून आणू?”

“त्याला तिथं हिवताप झाल्ता, ते आठव.”

“तवाच लई रडले. सारं पाणी तवाच सरलं.”

“अन् आज काहून हसून राहिली?”

“मी काय करू? तुमीच रडा ना मंग!”

“मी? गडी माणूस? येडी का खुळी?”

तेवढ्यात नांदेडची गाडी आली. पाठीवर फौजी पिशवी घेतलेला एक जवान उतरला.

“याडी!” त्याने आईला हाक मारली.

जिवनबाई धावली. तिने लेकाचे गाल चाचपले.

“अरं, मिशी काहून काढली?” म्हणत ती खळखळून हसली.

भावसिंग मागून आला. त्याने योगेशला मिठी मारली आणि बायांच्या त्याच सुरात, गाण्याचे बोल म्हणत, मोठ्याने रडू लागला.

शालूबाईंची गाडी निघून गेली, त्यांना कळलेही नाही.

“आवं, थांबा की!” जिवनबाई डोळे पुसत म्हणाली. “दुसरी ओळ तरी माझ्यासाठी ठेवा!”