दादाचा आवाज

माहितीपटाच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, तिसऱ्यांदा बघताय. दादाला जाऊन वर्षही नाही झालं. कशाला जिवाला त्रास?”

“खाणकामगारांवरच्या सिनेमात तुझे दादा चार मिनिटं बोलतात.”

“बोलतो कुठे? परदेशातल्या लोकांना कळावं म्हणून वर दुसऱ्याच कुणाचा आवाज चढवलाय. नुसते ओठ हलतात दादाचे.”

“तो दुसरा सुरू व्हायच्या आधी ह्यांचं एक वाक्य तसंच राहिलंय.”

“माझ्या नाही लक्षात आलं. काय म्हणतो?”

“‘थांबा, जरा खोकून घेतो.’”

“एवढंच?”

“एवढंच. मग खोकतात.”

“आणि त्यासाठी तुम्ही दोन बस बदलून येता?”

“घरी खोकायला लागले की मी उठून दार लोटून घ्यायचे गं.”