भगवानरावांचा डावा हात

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रामरावजी देशमुख, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या मुख्याध्यापिका जयमालाताई, आजचे सत्कारमूर्ती भगवानराव सातव, त्यांच्या सुखदुःखात खंबीर राहिलेल्या मंजुळावहिनी, माझे सहकारी, पालक आणि मागे दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मलकापूरच्या या शाळेत भगवानराव एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. त्यांच्या सेवेबद्दल माझ्याआधीचे वक्ते भरभरून बोलले. त्यांच्या जादूबद्दलही बोलले. स्नेहसंमेलनाचा शेवटचा अर्धा तास भगवानरावांचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण गेल्या वर्षीच्या त्या अर्ध्या तासामागे काय घडलं, ते पुरतं फक्त त्यांना आणि मला माहीत आहे. ते लपवून मी त्यांना नुसत्या शुभेच्छा देऊ का? मला नाही जमणार.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांना लकवा झाला. पाय हळूहळू सावरला, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. दिवाळीनंतर ते कामावर आले. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची यादी करायचं काम माझ्याकडे, म्हणजे ग्रंथपाल प्रतिमा जोशीकडे आलं, आणि मी त्यांचं नाव वगळलं. भरल्या मंडपात त्यांची फजिती होऊ नये, असं मी मनाशी म्हटलं. हेतू चांगला होता. पण त्यांना विचारलं होतं का? नाही.

यादी फलकावर लागली तशी ते ग्रंथालयात आले. रागावले नव्हते. खुर्ची ओढून समोर बसले.

"मॅडम, माह्यं नाव काऊन काढलं?"

मी तब्येतीचं, डॉक्टरांचं, विश्रांतीचं काहीबाही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले पंधरा दिवस द्या. नाही जमलं तं मीच सांगीन, नाव काढा म्हणून."

आता, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत आहे, हे आपण जाणता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला ते हजर. मी नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत असायची आणि पलीकडे नाणं फरशीवर पडायचं. पुन्हा पडायचं. डाव्या हाताला सगळं नव्यानं शिकवणं चाललं होतं. एकदा मी डोकावले, तर नाणं उचलायला वाकताना ते टेबलाची कड धरत होते. मी उचलून द्यायला पुढे झाले, तर नको म्हणाले. मंडपात कोण उचलून देणार, असा त्यांचा सवाल. पाचव्या दिवशी वाटलं, हे थांबवायला हवं. मंजुळावहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, घरीही ते ताटलीतले छोटे बटाटे डाव्या हातानं उचलून लपवत हेच करतात, आणि थांबवायचं असेल तर तुम्हीच थांबवा, मी नाही थांबवणार.

बाराव्या दिवशी पलीकडून आवाजच आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुसरा झटका तर नसेल? मी धावत गेले. भगवानराव टेबलाशी घामाघूम उभे होते आणि डाव्या हातातलं नाणं एकदा दिसत होतं, एकदा दिसत नव्हतं. इतका वेळ ते पडलंच नव्हतं.

मला पाहून म्हणाले, "बसा. लोक आता माह्या उजव्या हाताकडंच पाह्यतात. कीव येते त्यायले. पाहू द्या. तवर डावा आपलं काम करते."

मित्रहो, इतकी वर्षं लोकांची नजर दुसरीकडे नेण्यासाठी त्यांना कसब लावावं लागत होतं. दुखण्यानं ते काम आयतं करून दिलं, आणि ही गोष्ट त्यांना त्या अवस्थेत सुचली. मी बाहेर येऊन यादीत त्यांचं नाव लिहिलं, पेनानं.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिलंच नाणं निसटलं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं. माझी मान खाली गेली. भगवानराव सावकाश वाकले, नाणं उचललं आणि माइकवर म्हणाले, "हा हात नवा हाये. शिकून राह्यला." मग पहिल्यापासून सुरुवात केली. नाणं गेलं, रुमाल आले, कापलेली दोरी अखंड झाली. पुढचं आपल्या टाळ्यांनी सांगितलंच आहे. त्या रात्री मी त्यांची माफी मागितली. आज आपल्या सर्वांसमोर पुन्हा मागते.

निवृत्तीनंतर काय, असं आज प्रत्येक जण त्यांना विचारतोय. ते म्हणतात, काम आहे. व्यायामोपचाराला, म्हणजे फिजिओथेरपीला, जातात तिथल्या रुग्णांना ते दर मंगळवारी नाण्याचा आणि दोरीचा खेळ शिकवतात. त्यांतलेच एक, लकव्यानं हात गेलेले सोनाळ्याचे शिंपीकाका उकंडराव, त्यांच्याकडे चार महिन्यांपासून शिकत आहेत. ते आज मुद्दाम आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मघाशी त्यांनी मला सांगितलं, शर्टाची सगळी बटणं आज त्यांनी स्वतः लावली.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. नमस्कार.