हसणारे अण्णा आणि झिप

...आणि वर मलाच म्हणतात, "तो पंखा बंद कर गं, याच्यावर लोड येतो!" याच्यावर म्हणजे कोणावर? कॉम्प्युटरवर! एप्रिलचा महिना, आपलं नाशिक पूर्वीसारखं थंड राहिलंय का आता, तुम्हीच सांगा, मी घामाने निथळतेय, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन कुठे? तर सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलंय आणि त्याच्या पोटावर वारा चाललाय! बाळंतिणीची कोणी घेत नाही हो इतकी काळजी. मी म्हटलं, "अहो, निदान किती वेळ लागेल ते तरी सांगा." तर खुर्चीत पुढे वाकून, चष्मा कपाळावर, पडद्यावरच्या त्या हिरव्या पट्टीकडे बघत आमचे हे म्हणतात, "थांब, होतंय."

होतंय! तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून हे एक वाक्य ऐकतेय मी. गिझर बिघडला, थांब, होतंय. आमच्या लेकीचं, तेजश्रीचं लग्न जुळत नव्हतं, थांब, होतंय. ती बिचारी शेवटी स्वतःच जुळवून आली.

आता मुळात हे प्रकरण काय, ते ऐका. माझी आई, यशोदाबाई, असते माझ्या भावाकडे, पिंपळगाव बसवंतला. तिचं त्या शनिवारी संध्याकाळी सहस्रचंद्रदर्शन. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, शेजारच्या पाटावर अण्णांचा फोटो ठेवायचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता अण्णांचे फोटो काय कमी आहेत का? आहेत की! पण सगळ्यांत अण्णा असे बघतायत, की फोटोवाल्याने यांच्या घरात चोरी केलीय आणि हे त्याला ओळखून बसलेत. एक, फक्त एक फोटो आहे. चांदवडच्या जत्रेत काढलेला. फोटोवाला स्टुलावर चढला, स्टूल मोडलं, आणि ऐन त्या क्षणी बटण दाबलं गेलं. आणि अण्णा हसले! दात दाखवून! शेजारी आई पदर तोंडावर धरून. आई म्हणाली, "तो फोटो आणा. आयुष्यभर रागावलेलेच पाहिले गं मी ते. एक दिवस तरी हसते शेजारी बसवा. नाहीतर मी पाटावर बसायची नाही." आणि आमची आई नाही म्हणाली म्हणजे नाही, पुढे भटजी असो नाहीतर कलेक्टर.

मूळ फोटो कुठे गेला, विचारलं, तर म्हणते, "तुमच्या कॉम्प्युटरात आहे ना? मग त्यातला आणा." आम्ही समजलो, काय समजायचं ते. गेला असेल रंगरंगोटीच्या वेळी. म्हाताऱ्या माणसाला किती विचारायचं!

तर कॉम्प्युटरात. तेजश्री कॉलेजात होती तेव्हा घेतलेला हा कॉम्प्युटर. तेव्हा ह्यांनी माहेरचे सगळे फोटो आणून स्कॅन केले, परत नेऊन दिले, चांगलं काम केलं, मी नाही म्हणत नाही. पण नंतर ह्यांना कोणीतरी ते झिप शिकवलं. झिप म्हणजे काय, तर मोठी फाईल दाबून लहान करायची. बस्स! माणसाच्या हाती आयतं घबाड लागलं! कारण ह्यांचा मूळ स्वभावच बांधून ठेवायचा. आमच्या माळ्यावर जाऊन बघा तुम्ही. कप कागदात, कागद पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं पोत्यात, पोत्याला सुतळी, आणि सुतळीला अशी गाठ की पाहुणे चहा न पिता निघून जातात. तोच माणूस कॉम्प्युटरला बसला! 'घरचे फोटो' नावाची झिप, तिच्यात 'घरचे फोटो जुने' नावाची झिप, तिच्यात 'सासुरवाडी', आणि तिच्यात म्हणे अण्णा. हसतायत.

सकाळी पोहे खाऊन बसले. पहिली झिप उघडायला घेतली. ती पट्टी सुरू झाली... सरकते की नाही, सांगता येत नाही. मी भांडी घासली, पट्टी तिथेच. मी पैठणीला इस्त्री केली, पट्टी बोटभर पुढे. पट्टीखाली लिहिलेलं, दहा मिनिटं बाकी. मग चाळीस मिनिटं बाकी. मग सहा तास बाकी. मी म्हटलं, "अहो, हे वाढतंय!" तर म्हणे, "ते अंदाज घेतंय. थांब, होतंय."

तेवढ्यात पिंपळगावहून भाच्याचा फोन. मयुरेश. "आत्या, फ्रेमवाला थांबलाय गं. तू असं कर ना, ती फाईल जशीच्या तशी मला पाठव, मी इथे दोन मिनिटांत उघडतो." मला किती आनंद झाला! मी ह्यांना सांगितलं. तर हे शांतपणे म्हणतात, "फाईल मोठी आहे. पाठवायची तर आधी झिप करावी लागेल."

मी मयुरेशला म्हटलं, "फ्रेमवाल्याला चहा पाज," आणि फोन ठेवला.

दुसरी झिप. तिला पासवर्ड! आणि विसरू नये म्हणून फाईलच्या नावातच ह्यांनी लिहून ठेवलेलं, 'पासवर्ड नेहमीचा'. मी म्हटलं, "नेहमीचा म्हणजे कुठला?" म्हणे, "तेच आठवतोय." मग माझी जन्मतारीख घालून बघितली. नाही चालली. मी मागे उभी होते म्हणून कळलं, ती माझी जन्मतारीखच नव्हती! ती ह्यांच्या बहिणीची! शेवटी निघाला कुठला? तर विकून टाकलेल्या स्कूटरचा नंबर. तो बरा तोंडपाठ! जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे, त्याचा हिशेब घरी होईल.

मग तिसरी. सासुरवाडी. अर्ध्यावर आली आणि थांबली. पडद्यावर पाटी, डिस्कवर जागा नाही. मी म्हटलं, "काहीतरी पुसा की! ती वीज बिलं आहेत, ते तुमच्या निरोपसमारंभाचं भाषण आहे, सहा वेळा आहे..." पुसणार? हा माणूस? दह्याचा रिकामा डबा टाकत नाहीत हे! मला म्हणतात, "पुसायचं कशाला? बाकीच्या फायली झिप केल्या की जागा होईल." आणि लागले की करायला! म्हणजे बघा हं, एक पोतं सोडायला जागा नाही, म्हणून हा माणूस दुसरं पोतं बांधायला बसला! आता पडद्यावर दोन पट्ट्या. एक दाबतेय, एक सोडतेय. आणि मध्ये आमचे अण्णा.

माझा तिथे मात्र जीव कासावीस झाला हो. हसू येत होतं ते गेलं. आईचं वय बघा. पाटावर बसायची नाही म्हणाली ती काही हट्ट म्हणून नाही, मला कळत होतं. तिला एकदा त्यांच्या शेजारी बसायचं होतं, ते हसत असताना. एवढंच मागितलं होतं तिने. मी देवापुढे दिवा लावला, कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले, आणि मागून आवाज आला, "आली गं, शेवटाला आली! पट्टी भरत आली!"

मी पळत गेले. खरंच भरत आली होती. एवढीशी, नखाएवढी राहिली होती. ह्यांनी माझा हात धरला. आमच्या लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता. आणि मला आठवलं.

मी म्हटलं, "अहो... आज शनिवार."

लाईट गेली.

शनिवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. तुम्ही म्हणाल, यूपीएस नव्हता का? आहे ना! बॅटरी कधीच गेली, पण टाकायचा कशाला? त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

मग काय! हे म्हणाले, "चल, तिकडे नेऊन लावू." काय? तर सीपीयू! त्याला चादरीत गुंडाळला, चादर पोत्यात घातली, पोत्याला सुतळी. गाडीत पुढच्या सीटवर सीपीयू बसला, त्याला सीटबेल्ट लावला, आणि मी मागे. पैठणी नेसून! मांडीवर मॉनिटर. ओझरच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, ब्रेक लागला की हे पुढे हात करून सीपीयूला आधार देतात. मी मागे आपटतेय त्याचं काही नाही.

हॉलवर पोचलो तर सगळे जमलेले. भटजी घड्याळ बघतायत. ताटांत दिवे मांडलेले. आई हिरवी साडी नेसून, पाटावर नाही, पाटाशेजारी खुर्चीवर. मयुरेशने पोतं बघितलं, "काका, हे काय?" ह्यांनी सुतळी सोडायला घेतली, "थांब, होतंय." जोडलं, सुरू केलं. आणि पट्टी? पुन्हा पहिल्यापासून! शून्यावर!

मी आईपुढे जाऊन बसले. म्हटलं, "आई, नाही गं जमलं. खूप केलं, पण अण्णा नाही आले." आणि रडायलाच आलं मला, एवढ्या लोकांत.

आईने माझ्याकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघितलं. म्हणाली, "बरं." आणि खुर्चीखालून आपली कापडी पिशवी ओढली. तिच्यातून साडीच्या दुकानाची पिशवी काढली. तिच्यातून धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी काढली, रबर लावलेली. तिच्यात टॉवेल, टॉवेलला सेफ्टी पिन. टॉवेलात आणखी एक पिशवी, तिला नाडीची गाठ. आणि त्या शेवटच्या प्लास्टिकमधून, तुम्हाला सांगते, अण्णांचे दात दिसले!

"आई! तुझ्याकडे होता?"

"होता म्हणजे? जाईल कुठे?"

"मग आम्हाला कशाला पळवलंस दिवसभर?"

"तुम्ही त्याला हार घालणार, कुंकवाची बोटं लावणार. माझा एवढा चांगला फोटो खराब करू का? म्हणून म्हटलं, तुमचा आणा."

आणि आमचे हे! कॉम्प्युटर सोडून उठून आले आणि मान डोलावून म्हणतात, "आईंचं अगदी बरोबर आहे." माझ्या जन्मात मला असं कधी म्हणाले नाहीत! मी गाठ सोडायला हात पुढे केला, तर आईने चापट मारली. "ओढू नकोस, पिशवी फाटेल." आणि पुन्हा हे, "सावकाश, आई, सावकाश. घाई नाही." दोघं त्या गाठीवर वाकलेले, अख्खा हॉल उभा, भटजी उभे, मी घामाने निथळतेय. वर बघितलं तर पंखा बंद. म्हटलं, "मयुरेश, अरे तो पंखा तरी लाव!"

आईने गाठीवरून मानही वर केली नाही. म्हणाली, "पंखा नको गं, दिवे विझतील. थांब, होतंय."